विमलताईंची पूछताछ खिडकी

आमच्या शेजारी राहणाऱ्या विमलताई गजभिये यांना ‘कशा आहात’ असं विचारलं, तर त्या आधी मनगटावरचं घड्याळ बघतात. मग सांगतात, "आत्ता सात वाजून दहा मिनिटाले बरी आहे. संध्याकाळचं संध्याकाळी विचारा."

यात गंमत करायचा त्यांचा हेतू नसतो. रायपूर स्टेशनवरच्या पूछताछच्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. काचेपलीकडून कोणी गाडी विचारली की गाडीचा नंबर, फलाट, किती उशीर, आणि शेवटी "अभी की जानकारी है, बदल सकती है." निवृत्तीनंतर खिडकी सुटली, ते शेवटचं वाक्य काही सुटलं नाही. माझ्या बायकोनं, सुनीतानं, एकदा त्यांना वांग्याची भाजी कशी झाली म्हणून विचारलं. त्यांनी एक घास खाल्ला, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आत्तापर्यंत मीठ बरोबर आहे. मुरल्यावर बदलू शकते."

चौबे कॉलनीत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अठरा वर्षांचा शेजार. आम्ही वानखेडे, मूळचे भंडाऱ्याकडचे. मी भनपुरीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माल रवाना करण्याच्या कामावर आहे. विमलताईंचे वडील रेल्वेत गँगमन होते. ते लवकर गेले, थोरली म्हणून नोकरी यांना मिळाली, आणि दोन भावांची शिक्षणं यांनी केली. एक भाऊ आता पुण्यात, एक नागपुरात. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. हे सगळं मला सुनीताकडून कळलं. विमलताई स्वतःबद्दलची माहिती देत नसत, कारण ती कोणी विचारत नसे.

निवृत्तीनंतर दोन महिने त्या ओट्यावर बसून होत्या. मग एक दिवस मोठ्या रस्त्यावर कोथिंबीर घ्यायला गेल्या असताना बसस्टॉपवरच्या एका बाईनं त्यांना विचारलं, "दीदी, नवा रायपुर की बस निकल गई क्या?"

संध्याकाळी त्या आमच्या फाटकाशी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"मले लाज वाटली भाऊ. मी तिथंच उभी होती. अन् मले म्हणावं लागलं, माहीत नाही."

"त्यात काय? तुम्ही थोडीच बसवाल्या आहात."

"एकतीस वर्षांत मी हे म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या एक लांबोडी वही घेऊन स्टॉपच्या बाकावर बसू लागल्या. सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी पाच ते सात. शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला ऑफिसं पुष्कळ, रस्ते रुंद, आणि बसेस मोजक्या. एक चुकली की माणूस पाऊण तास उन्हात उभा. बस किती वाजता आली, किती भरलेली होती, आलीच नाही तर तसं, हे सगळं त्या लिहू लागल्या. आणि कोणी विचारलं की सांगू लागल्या.

बसचं एक वेळापत्रक होतं, नाही असं नाही. ते कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायचं. कुणीतरी कुठल्यातरी भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढलेला, तोही तिरपा, आणि खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा आलेला. विमलताई तो फोटो मोठा करून बघायच्या आणि चिडायच्या.

"चार-चाळीसची बस या पोट्ट्याच्या अंगठ्याखाली आहे," त्या मला दाखवायच्या. "अन् तारीख कुठं आहे? हे या वर्षीचं आहे की मागच्या? कोणाले विचारावं? अंगठ्याले?"

माझी मुलगी गौरी तेव्हा नुकतीच नवा रायपूरला एका ऑफिसात कंत्राटी नोकरीला लागली होती. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिनं विमलताईंना वहीतून बाहेर काढलं. दोन रविवार बसून मोबाइलवर शीट भरायला शिकवलं: एका रकान्यात तारीख, एकात वेळ, एकात गर्दी.

"फोटो में क्या है ना काकू, आदमी सिर्फ देख सकता है. शीट में छाँट सकता है, जोड़ सकता है, अपने मोबाइल में ले जा सकता है. मशीन भी पढ़ लेती है."

"मशीन कशाले वाचंन?"

"किसी को ऐप बनाना हो तो?"

विमलताईंनी विचार केला. "बनवू दे. पण मले विचारायले नको येऊ म्हणा. खुली आहे तर खुली आहे."

गौरी हसली. "काकू, आप जो कर रहे हो ना, उसको ओपन डेटा बोलते हैं. ऑफिस में इसका पूरा ट्रेनिंग हुआ हमारा."

"आम्ही त्याले पूछताछ म्हणतो," विमलताई म्हणाल्या.

शीटच्या तळाशी त्यांनी मराठीत आणि हिंदीत एक सूचना लिहिली. ती अजून तिथं आहे. ही माहिती कोणीही घ्यावी, कोणालाही द्यावी, कोणत्याही कामाला वापरावी. परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त कुठून घेतली ते सांगावं आणि आकडे बदलले तर आपण बदलले असं लिहावं. जिथं ‘स्वतः’ लिहिलं आहे ते मी पाहिलेलं आहे. जिथं ‘ऐकीव’ लिहिलं आहे ते कंडक्टरनं सांगितलेलं आहे.

या स्वतः-ऐकीवच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एकदा त्यांचं घड्याळ चार मिनिटं मागं पडलं होतं हे तीन दिवसांनी लक्षात आलं. मी म्हटलं, गुपचूप दुरुस्त करा, कुणाला कळतंय. त्यांनी मी चोरी सुचवल्यासारखं माझ्याकडे बघितलं. जुने आकडे तसेच ठेवले, शेजारी नवे लिहिले, आणि वर लाल अक्षरात टीप दिली की घड्याळ मागं होतं, चूक माझी. ती टीप आठवडाभर ग्रुपवर रोज सकाळी येत होती. तोपर्यंत ती चूक ज्यांना माहीत नव्हती, त्यांनाही पाठ झाली.

मग एक दिवस साहू नावाचा व्हॅनवाला आला. त्यानं शीट घेतली, कोणत्या वेळी बस नसते ते हेरलं, आणि बरोबर त्या वेळेला आपली व्हॅन सुरू केली. आमच्या मागच्या गल्लीतले मिश्राजी खवळले. ते बाकाशी जाऊन म्हणाले, "बहनजी, मेहनत आपकी और धंधा उसका? उसको क्यों दिया?"

"दिया नहीं. खुला था, उसने देखा."

"मना कर दीजिए उसको."

"मिश्राजी, खिड़की पर जो आया उसको टाइम बताना. वो शादी में जा रहा है कि चोरी करने, ये पूछना मेरा काम नहीं." वर म्हणाल्या, "आपकी बहू भी तो उसी वैन में जाती है."

हे मिश्राजींना ठाऊक नव्हतं. ते घरी गेले. विमलताई मात्र त्यानंतर भरलेलीच वेळ पुन्हा पुन्हा तपासत बसल्या. तेव्हा मला कारण कळलं नाही. सूनबाई कशातून जाते ते आपल्या तोंडून गेलं, हे त्यांना लागलं होतं.

दुसरा पाहुणा बस चालवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस होता. एका पंधरवड्यात त्यांच्या बसेस वारंवार आल्याच नव्हत्या, आणि शीटमध्ये एकाखाली एक ‘आली नाही, स्वतः’ असं लिहिलेलं होतं. तो गोड बोलला. दीदी, तेवढे दिवस काढून टाका, ड्रायव्हर लोकांचा वांधा होता, बाकीचं तुमचं काम फार चांगलं आहे. विमलताईंनी त्याला बाकावर बसवलं आणि शेजारचा रकाना दाखवला. "इथं तुमचं कारण लिहिते. ड्रायव्हर नव्हते, ऐकीव. पण बस आली नाही ते राहील. चांगले दिवस ठेवायचे अन् वाईट काढायचे, मग ती माहिती नाही, जाहिरात झाली."

तो माणूस आपलं कारण शीटमध्ये लिहवून गेला. पुढच्या महिन्यात बसेस बऱ्यापैकी येऊ लागल्या. विमलताईंनी तेही लिहिलं, कुठलीही शेरेबाजी न करता.

असं सगळं चाललं होतं. मग माझं आणि त्यांचं वाजलं.

भनपुरीच्या आमच्या ऑफिसातला एक जण एकदा सहज म्हणाला, "वानखेडेजी, आपकी बिटिया को कल देखा, चार बजे, बसस्टॉप पे बैठी थी." गौरी घरी यायची पावणेसातला. संध्याकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, "हाँ पापा, कल जल्दी छूटे." आणि आत गेली. चार वाजता आमच्या स्टॉपवर असलेली मुलगी पन्नास पावलांवरच्या घरी यायला पावणेसात वाजवते, हा हिशेब मला लागेना. आईशीही ती नीट बोलत नव्हती. जेवण अर्धं टाकून उठायची.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि पाचच्या सुमारास स्टॉपवर गेलो. गौरी नव्हती. विमलताई एकट्या बाकावर होत्या.

"ताई, गौरी कोणत्या बसनं येते?"

"बस आली चार-बावन्नले. गर्दी मध्यम."

"मी बसचं नाही विचारत. गौरी होती का त्यात?"

"बसमध्ये कोण होतं ते मी लिहीत नाही भाऊ."

"लिहू नका. मला सांगा. तुम्ही इथं बसता, तुम्हाला दिसतं."

"दिसते. पण सांगत नाही."

मी आवाज चढवला. अख्ख्या रायपूरला तुम्ही सांगता, म्हटलं. व्हॅनवाल्याला सांगता. मी शेजारी, तिचा बाप, आणि मला नाही?

"बस सर्वांची आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी तिची तिची आहे. तिलेच विचारा."

तेव्हा मी जे बोललो ते आता लिहितानाही बरं वाटत नाही. मी म्हणालो, "तुम्हाला लेकरं नाहीत ताई. तुम्हाला नाही कळायचं." स्टॉपवर दोघं-तिघं होते, त्यांनी माना वळवल्या. समोरून बस आली, विमलताईंनी घड्याळ बघितलं आणि वेळ भरली.

घरी आलो तर गौरी ओट्यावर बसलेली. ती बाकावरून उठून जवळच्या दुकानात गेली होती, परत येताना तिनं मला स्टॉपवर ओरडताना बघितलं होतं. माझ्या आधी घरी पोचून ती माझी वाट बघत होती.

"पापा, काकू पे मत चिल्लाओ," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

तिची नोकरी तीन आठवड्यांपूर्वीच गेली होती. कंत्राट पुढं वाढवलं नव्हतं. आम्हाला सांगायची तिला लाज वाटली, कारण मीच सगळ्या नातेवाइकांना फोन करून तिच्या नोकरीचं कौतुक सांगितलं होतं. त्यामुळे ती रोज सकाळी डबा घेऊन निघायची, एका वाचनालयात बसायची, अर्ज करायची. वाचनालयात दुपारनंतर जागा मिळायची नाही. मग ती तीन वाजता येऊन बसस्टॉपच्या बाकावर बसायची आणि सहा-साडेसहाची बस आली की त्यातून उतरल्यासारखी घरी यायची.

"पहले दिन मैं अकेली थी. पाँच बजे काकू आई. मुझे लगा पूछेंगी. कुछ नहीं पूछा. बस बोली, जरा सरक."

"आणि दुसऱ्या दिवशी?" सुनीतानं विचारलं.

"दूसरे दिन वो तीन बजे आ गई."

मी मोबाइल काढला आणि शीट उघडली. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका मंगळवारपासून दुपारच्या वेळा भरलेल्या होत्या. तीन-पाच, तीन-पंचेचाळीस, चार-बावन्न. सगळं ‘स्वतः’. कॉलनीत लोक खूश होते की ताईंनी दुपारचंही सुरू केलं. मे महिन्याचे दिवस होते. त्या बाकावर दुपारी तीनला छत आहे पण सावली नाही. बासष्टीची बाई रोज दोन तास जास्तीच्या त्या उन्हात बसत होती, आणि त्याचं कारण शीटमध्ये कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. त्या ओट्यावर लाल भाजी निवडत बसल्या होत्या.

"जयभीम ताई. मी त्या दिवशी बोललो ते..."

"कोणत्या दिवशी?"

"काल."

"काल तुम्ही बरंच बोलले. कोणतं म्हणता?"

मला ते वाक्य पुन्हा तोंडात आणावं लागलं. "लेकरं नाहीत ते."

"ते खरं आहे," त्या देठं मोडत म्हणाल्या. "नाहीतच. माहिती चूक नव्हती." त्यांनी पुढची जुडी ओढली. "पण ते कोणी विचारलं नव्हतं."

मी तिथंच पायरीवर बसलो. त्यांनी भाजीचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी निवडू लागलो. मग त्यांनी न विचारता एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या स्वभावात बसत नव्हती.

नोकरीला लागल्यावरचं दुसरं वर्ष होतं. एक माणूस खिडकीशी आला. हिरव्या लुगड्यातली बाई, कडेवर लेकरू, कुठल्या गाडीचं विचारून गेली? विमलताईंना आठवत होतं. त्यांनी सांगितलं, गाडीचा नंबर आणि फलाट. वीस मिनिटांनी तो माणूस त्या बाईला दंडाला धरून ओढत खिडकीसमोरूनच घेऊन गेला. लेकरू रडत होतं. बाईनं काचेतून विमलताईंकडे बघितलं.

"तिले माहीत होतं, मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "गाडी किती वाजता जाते, हे सर्वांनी विचारावं. गाडीत कोण बसलं हे मी त्या दिवसापासून कोणाले सांगितलं नाही. पोलिसाले सांगितलं असतं, कागद आणला असता तर. बाकी कोणाले नाही."

"मी तसा माणूस नाही ताई."

"हव, तुम्ही नाही. पण खिडकीतून मले ते कसं दिसंन?"

भाजी संपली. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. खोलीत सगळं जागच्या जागी होतं, आणि टेबलावर रेल्वेच्या पासचे फॉर्म होते, न भरलेले. निवृत्त माणसाला वर्षाला मोफत प्रवासाचा पास मिळतो. मी विचारलं, कुठं जाऊन आलात की नाही? त्या म्हणाल्या, भावांकडे जावं तर त्यांची घरं लहान आहेत. आणि दुसरीकडे जायला काही काम नाही.

गौरीला जुलैत नवी नोकरी लागली, पुन्हा नवा रायपूरलाच, एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात. यावेळी मी कुणाला फोन केला नाही. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिला रस्ता बघून यायचा होता. ती भिंतीवरून ओरडली, "काकू, चलो ना साथ में. बस में."

"मी काय करू तिथं?"

"कुछ नहीं. बैठना."

मग मी आणि सुनीताही निघालो. स्टॉपवर उभं असताना मला जाणवलं की गेली दोन वर्षं या बाईनं या बसच्या हजेरीत खंड पडू दिला नव्हता, पण त्यात पाय ठेवला नव्हता. बस आली. विमलताईंनी वेळ भरली आणि पदर खोचून चढल्या. गौरीनं त्यांना खिडकीची जागा दिली. आम्ही मागच्या सीटवर बसलो. शहर मागं पडलं, रस्ता रुंद झाला. त्या पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या.

कंडक्टर आला. नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. "दीदी, कहाँ का काटूँ?"

विमलताईंनी त्याच्याकडे बघितलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ज्यांचं उत्तर तयार असे, त्यांना हे उत्तर सुचत नव्हतं. गौरी बोलणार होती, मी मागून तिच्या खांद्याला हात लावला.

"ये बस," विमलताईंनी हळू विचारलं, "कहाँ कहाँ जाती है?"

तो मार्ग त्यांना झोपेतही पाठ होता. पण कंडक्टरला त्याचं काय. त्यानं सीटच्या दांड्याला टेकून एकेक स्टॉपचं नाव सांगायला सुरुवात केली. सावकाश, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं. त्या मान किंचित कलती करून ऐकत होत्या. मधे कुठं त्याला तोडलं नाही, कुठं दुरुस्त केलं नाही. एक स्टॉप त्याच्याकडून राहिला, तरी नाही.

"आखिरी वाला दे दो," त्या म्हणाल्या.